समुद्रावरची नर्मदा

गेल्या महिन्यात आमच्या शाळेत जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरले. मुलांनी घरोघरचे अडकित्ते, पानाचे डबे, होळकरशाही नाणी आणली. नववीतील एका मुलीने मात्र जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक सुरळी आमच्या टेबलावर ठेवली. "सर, माझ्या पणजोबांनी काढलेला नकाशा आहे." सुरळी उलगडण्यापूर्वीच आम्ही ती ओळखली, आणि वाचकहो, आम्ही कानकोंडे झालो.

तिचे पणजोबा म्हणजे आमच्या वाड्यातले काका. दुसऱ्या महायुद्धात ते रॉयल इंडियन नेव्हीत खलाशी होते. माळव्यातला मुलगा आणि नौदलात, याचे नवल वाटेल. पण १९३९ मध्ये दोन हजारांच्या आसपास माणसे असलेले हे दल युद्ध संपेपर्यंत पंचवीस हजारांच्या वर गेले. तेव्हा भरती कोकणापुरती राहणे शक्यच नव्हते. पत्रांवर सेन्सॉरची कात्री चाले, ठिकाणांची नावे लिहिण्याची सोय नव्हती. म्हणून घरी परतल्यावर काकांनी तीन वर्षांचा सारा हिशेब एकदम एका जाड कागदावर मांडला. मागून मांजरपाट चिकटवलेला, निळ्या आणि तांबड्या शाईत रेखलेला असा तो नकाशा आहे.

सुरुवात महेश्वरच्या घाटापासून. तेथून एक तांबडी रेघ कराचीला जाते. मनोरा येथे काकांचे प्रशिक्षण झाले; तिथे कवायत करणारी काडीसारखी माणसे काढली आहेत. मग मुंबई, आणि मुंबईत जहाज. त्या काळी आपल्या नौदलातील लढाऊ नौकांना नद्यांची नावे होती: सतलज, जमुना, गोदावरी, कावेरी, किस्तना. काकांची नौका होती 'नर्बदा'. (इंग्रजांनी नाव बिघडवले असे कोणी म्हणू नये, आमच्या निमाडातील बायाबापड्याही नरबदाच म्हणतात.) साउदॅम्प्टनच्या थॉर्निक्रॉफ्ट गोदीत बांधलेले हे जहाज १९४३ मध्ये सेवेत दाखल झाले. त्यावर चार इंची सहा तोफा होत्या. काकांनी सहाही मोजून काढल्या आहेत. लहानपणी आम्ही त्यांना विचारले होते, "काका, नर्मदा समुद्रात कशी?" ते म्हणाले, "अरे, भडोचपाशी ती तिथेच तर जाते."

यापुढे रेघ कन्याकुमारीला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरते आणि ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर पोहोचते. तिथे कागदाचा निम्मा भाग खर्ची पडला आहे. भरतीच्या पाण्याने भरणाऱ्या, दोन्ही काठांना खारफुटीने गच्च वेढलेल्या खाड्या; ब्रह्मी भाषेत त्यांना 'चाउंग' म्हणतात. १९४५ च्या जानेवारीत अक्याब, म्येबोन आणि कांगाव येथे फौजा उतरल्या. म्येबोन आणि कांगाव येथे 'नर्बदा' आणि 'जमुना' यांनी या चिंचोळ्या पाण्यातून तोफांचा मारा केला. कांगावला जमिनीवर लढणाऱ्यांत कोल्हापूरकडचे लेफ्टनंट कर्नल थोरात होते, हे काकांना पुष्कळ वर्षांनी कळले, आणि मग त्यांनी एका टेकडीवर पगडीवाला माणूस काढला. थोरात पगडी बांधीत नसावेत; पण मराठी माणूस ओळखू कसा यावा? रामरी बेटावर मगरींनी शेकडो जपानी सैनिक खाल्ल्याची गोष्ट जगभर छापली गेली. इतिहासकारांना ती पटत नाही. काकांच्या रामरीवर मगर नाही. एक मोठा डास आहे.

१९९४ च्या सुमारास, नुकतेच मास्तर झालेले आम्ही भूगोलाचेही तास घेत होतो. काकांनी कौतुकाने नकाशा पुढे पसरला. आम्ही शहाणपणाने म्हटले, "काका, प्रमाण पार चुकलेय. ही खाडी अरबी समुद्राहून मोठी झाली!" काका क्षणभर नकाशाकडे पाहत राहिले. "तिथे वेळ जास्त लागला," एवढेच बोलून त्यांनी सुरळी केली. पुन्हा ती आम्हाला दाखवली नाही, आणि आम्हीही मागितली नाही.

परवा मात्र नीट पाहिले. रेघ मुंबईत परतते आणि थांबते. १८ फेब्रुवारी १९४६ ला 'तलवार' या तळावर निकृष्ट अन्न आणि अपमान यांविरुद्ध खलाशांचा संप झाला. तो बंदरातील जहाजांवर पसरला, 'नर्बदे'वरही. २३ तारखेस काळी निशाणे चढवून शरणागती झाली. शेकडो खलाशी बडतर्फ झाले, आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांना नौदलात परत घेतले गेले नाही. काका त्यांतलेच. उरलेले आयुष्य त्यांनी इंदूरच्या एका कापडदुकानात जमाखर्च लिहीत काढले. नकाशात या सहा दिवसांसाठी सहा लहान चौकोन आहेत. पाच कोरे, सहावा काळ्या शाईने भरलेला.

खाली कोपऱ्यात पेन्सिलीने एकच शब्द आहे: 'झेलम'. फाळणीत जहाजेही वाटली गेली. 'नर्बदा' पाकिस्तानच्या वाट्याला जाऊन 'झेलम' झाली, 'गोदावरी' झाली 'सिंध'. आमच्या एका सहकाऱ्यांनी सुचवले, तेवढा शब्द खोडरबराने पुसून मगच नकाशा लावावा, उगाच कोणी प्रश्न विचारील. आम्ही स्पष्ट नकार दिला.

मुलगी चिठ्ठी लिहायला बसली. नाव, साल, कागद असे लिहून झाल्यावर तिने मान वर केली. "सर, प्रमाण काय लिहू?"

"तुझ्या पणजोबांनी मला सांगितले होते," आम्ही म्हणालो. "लिही: जिथे वेळ जास्त लागला, तिथे जागा जास्त."