रुतलेले वाहन आणि मदतीचा विवेक

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस रायगड जिल्ह्यातील रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक फेरारी मोटार रेतीत रुतली आणि अखेर बैलगाडीला दोर बांधून ती बाहेर काढण्यात आली. ते दृश्य मोबाइलवरून घरोघर पोहोचले व लोकांची भरपूर करमणूक झाली. त्याच वर्षी जून महिन्यात कच्छमधील मुंद्रा येथे दोन जीपगाड्या चित्रीकरणाच्या हौसेपायी थेट समुद्राच्या पाण्यात नेण्यात आल्या, तेथेच अडकल्या आणि पुढे चालकांवर पोलिसांनी गुन्हा नोंदविला. जुलै २०२५ मध्ये सुरतजवळील डुमसच्या किनाऱ्यावर एक महागडी मोटार चिखलमिश्रित रेतीत अशीच रुतून बसली. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगत राहणाऱ्या आम्हा मंडळींना ह्या वार्तांचे नवल वाटत नाही. सुटीच्या दिवशी अर्नाळा, राजोडी, कळंब वा भुईगावच्या पुळणीवर चार घटका उभे राहिले, तरी ह्या प्रकाराची बीजे डोळ्यांना दिसतात.

अशा घटनांची चर्चा बहुधा दोन अंगांनी होते. काही जण मालकाच्या फजितीला हसतात, तर काही जण पर्यटकांच्या बेशिस्तीवर संताप व्यक्त करतात. ह्या दोहोंत एक तिसरा माणूस दृष्टीआड राहतो. गाडी रुतली हे पाहून हातातले काम टाकून धावणारा गावकरी, दोर घेऊन येणारा मच्छीमार, आपला ट्रॅक्टर रेतीत घालणारा शेतकरी, मागून जोर लावणारी तरुण मुले ह्यांचे काय? रुतलेली गाडी स्वतःहून कोणाचा जीव घेत नाही. जिवावर बेतते ते बहुतेक वेळा ती काढण्याच्या घाईत. म्हणूनच ह्या मदतीचे शास्त्र किनाऱ्यावरील प्रत्येक गावाने समजून घेणे आम्हास अगत्याचे वाटते.

रेतीचा स्वभाव

वरची कोरडी रेती भुसभुशीत असते. ओहोटीनंतर उघडी पडलेली ओलसर रेती टणक भासते आणि तिच्यावर मोटार सहज धावते. चालक फसतो तो येथेच. कारण त्याच ओलसर रेतीत पाणी अधिक झाले, की तिचे कण एकमेकांना धरून ठेवीत नाहीत. उभ्या गाडीच्या चाकांखालून प्रत्येक लाट थोडी थोडी रेती खरवडून नेते आणि गाडी जागच्या जागी खाली बसते.

गाडी अडकली असे जाणवताच चालक घाबरून ॲक्सिलरेटर दाबतो. चाके गरगर फिरतात, रेती मागे उडते आणि दोन मिनिटांत गाडीचे पोट जमिनीला टेकते. पोट टेकले, की चाकांवरील भार नाहीसा होतो व ती नुसतीच फिरत राहतात. तेव्हा मदतीला येणाऱ्याचे पहिले वाक्य ‘जोर लाव’ हे नसून ‘गाडी बंद कर’ हे असावयास हवे. ज्या मार्गाने गाडी आत आली ती चाकोरी दाबली गेल्याने तुलनेने घट्ट झालेली असते. म्हणून पुढे रेटण्यापेक्षा आल्या वाटेने मागे घेणे पुष्कळदा सोपे जाते.

भरतीचा हिशेब

फावडे उचलण्यापूर्वी समुद्राकडे पाहावे. आमच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या तळापासून भरतीच्या माथ्यापर्यंत पाणी चढण्यास सहा तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. मात्र ते सर्व तास सारखे नसतात. पहिल्या तासात पाणी जेमतेम हलते, तर मधल्या दोन तासांत एकूण चढाच्या निम्मे पाणी चढून येते. समजा, उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटर चढणार आहे, तर त्यांतील सुमारे दोन मीटर ह्या दोन तासांतले होत. पन्नास मीटरला एक मीटर उतार असलेल्या किनाऱ्यावर तेवढ्या अवधीत समुद्र शंभर मीटर आत येतो. ‘अजून पाणी लांब आहे’ असे म्हणणारा पर्यटक नेमका येथे चुकतो.

आमच्या वाडवडिलांपाशी ह्यासाठी एक साधा आडाखा होता. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, तर पौर्णिमा व अमावास्येला बाराच्या आसपास. ह्याच दोन तिथींच्या सुमारास उधाण असते, तर अष्टमीच्या सुमारास भांग असल्याने पाणी कमी चढते. आज भरतीचे कोष्टक मोबाइलवरही पाहता येते. मदतीस आलेल्यांपैकी एकाने तरी ते पाहून ‘आपल्या हाती इतका वेळ आहे’ असे सर्वांना स्पष्ट सांगावे. तो वेळ संपला आणि लाटा चाकांना लागू लागल्या, की माणसांनी बाहेर यावे व गाडी समुद्राच्या स्वाधीन करावी. हे बोलणे मालकाला कठोर वाटेल. परंतु गाडी पुन्हा घेता येते.

लहान मुले, वृद्ध व अन्य प्रवासी ह्यांना तर प्रारंभीच उतरवून भरतीच्या रेषेपलीकडे बसवावे. त्यामुळे गाडीचा भारही हलका होतो.

आधी फावडे, मग हवा, शेवटी दोर

किनाऱ्यावर सर्रास दिसणारा क्रम ह्याच्या अगदी उलट असतो. गाडी रुतली, की प्रथम दोर शोधला जातो. वास्तविक पुष्कळ गाड्या दोराविना निघतात.

पहिले काम खोदण्याचे. इंजिन बंद ठेवून प्रत्येक चाकासमोर, किंवा गाडी मागे घ्यावयाची असल्यास चाकामागे, उताराची वाट करावी आणि पोटाखालची रेती लांब दांड्याच्या फावड्याने ओढून काढावी. हात वा डोके गाडीखाली घालू नये. जॅक लावावयाचा झाल्यास त्याखाली रुंद फळी हवी. अन्यथा तो रेतीत रुततो व गाडी कलंडते. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. सायलेन्सरचे तोंडही मोकळे करावे. ते रेतीने बुजलेले असताना इंजिन चालू राहिले, तर विषारी वायू आतल्या माणसांपर्यंत पोहोचण्याची भीती असते.

दुसरे काम टायरमधील हवा कमी करण्याचे. साधारणतः तीस-बत्तीस पौंड असलेली हवा अठरा-वीस पौंडांपर्यंत उतरविली, की टायर पसरतो, रेतीवर अधिक जागा व्यापतो आणि बुडण्याऐवजी वर राहतो. ह्यासाठी खर्च शून्य आणि धोका अल्प, तरीही हा उपाय क्वचितच आठवतो. मात्र अशा टायरवर वेग वाढवू नये, झटक्याने वळण घेऊ नये आणि डांबरी रस्त्याला लागताच हवा पुन्हा भरून घ्यावी.

तिसरे काम चाकांखाली आधार देण्याचे. खास तयार केलेल्या पट्ट्या नसल्यास फळ्या, बारदान, नारळाच्या झावळ्या किंवा गाडीतील मॅट चालतात. मग चालकाने चाके सरळ ठेवून, अगदी हळू गाडी हलवावी. त्या वेळी चाकांच्या रेषेत पुढे वा मागे कोणी उभे राहू नये. फिरत्या चाकाखालून फळी बाणासारखी सुटते. ज्या बाजूला गाडी जाणार, त्या बाजूला तर कोणीच असू नये.

दोराची ताकद, दोराचा सूड

एवढे करूनही गाडी हलली नाही, तरच दोर. येथे आम्ही वाचकांना अत्यंत कळकळीने सावध करू इच्छितो. ताणलेला दोर हा ताणलेल्या धनुष्यासारखा असतो. तो तुटला किंवा त्याला बांधलेला लोखंडी भाग निखळला, तर साठलेली सारी शक्ती क्षणात मोकळी होते.

ट्रेलर जोडण्यासाठी काही गाड्यांच्या मागे लोखंडी गोळा बसविलेला असतो. दोर अडकविण्यास तो सोयीचा वाटतो, पण झटक्याचा ताण सोसण्यासाठी तो बनविलेलाच नसतो. तो तुटून काच फोडून आत शिरल्याने ऑस्ट्रेलियात माणसे मृत्युमुखी पडली आहेत. त्या देशात वाळूवर वाहन चालविणे ही नित्याची गोष्ट असल्याने, गाडी ओढण्याच्या पट्ट्यांवर धोक्याच्या सूचना छापणे तेथे कायद्याने बंधनकारक आहे. दोर गाडीच्या सांगाड्याला असलेल्या ओढण्याच्या जागीच बांधावा. पुष्कळ मोटारींत त्यासाठी स्क्रूसारखी फिरवून बसविण्याची कडी हत्यारांच्या पेटीत दिलेली असते. तीही सावकाश ओढण्यासाठी आहे, हिसक्यासाठी नव्हे. बंपर, ॲक्सल वा स्टिअरिंगचे दांडे ह्यांना दोर कदापि बांधू नये.

दोन तोकडे दोर गाठ मारून जोडू नयेत. गाठीपाशी दोराची ताकद बरीच घटते. लोखंडी कडी मध्ये घालून जोडणे तर त्याहून घातक, कारण दोर तुटल्यावर तीच कडी गोळीसारखी सुटते. दोराच्या मध्यभागी ओले गोणपाट किंवा जाड कापड टाकावे, म्हणजे तुटल्यास त्याची उसळी काहीशी कमी होते. बघ्यांनी दोराच्या लांबीच्या किमान दीडपट दूर, आणि ओढीच्या सरळ रेषेत न राहता बाजूला उभे राहावे. ताणलेला दोर कोणी ओलांडू नये.

हिसका का नको, हे गणितानेही कळते. गाडीचा वेग दुप्पट झाला, की तिच्या धडकेची शक्ती चौपट होते. सैल दोर ठेवून वेगाने निघालेला ट्रॅक्टर दोराला जो झटका देतो, तो सोसण्याची ताकद किनाऱ्यावर सापडणाऱ्या जाळ्याच्या दोरात वा जुन्या साखळीत नसते. दोर आधी सावकाश ताठ करावा आणि मगच ओढ द्यावी. बैल जे करतात ते असेच असते. ते हळू निघतात, जोर क्रमाने वाढवितात आणि झेपेनासे झाले की थांबतात.

ट्रॅक्टर चालविणाऱ्या बांधवांस आणखी एक विनंती. दोर नेहमी ट्रॅक्टरच्या खालच्या ओढदांड्यालाच बांधावा. तो मागच्या ॲक्सलच्या वर बांधला, तर पुढील चाके उचलली जाऊन डोळ्याचे पाते लवण्याच्या आत ट्रॅक्टर मागे उलटतो व चालक त्याखाली सापडतो.

आज्ञा एकाची असावी

दहा माणसे जमली, की दहा सूचना होतात. कोणी ‘पुढे’ म्हणतो, कोणी ‘मागे’. ह्या गोंधळात चालकाने चुकीचा गिअर टाकला, की मधला माणूस चिरडला जातो. म्हणून एकाच अनुभवी व्यक्तीने खुणा कराव्यात. ‘थांबा’ हा शब्द मात्र कोणीही उच्चारला, तरी सर्वांनी थांबावे. चित्रीकरण करणाऱ्यांनाही नम्रपणे पण ठामपणे दूर करावे.

खाऱ्या पाण्यात बुडून निघालेली विजेवरील गाडी हा अलीकडचा नवा धोका होय. २०२२ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात इयान चक्रीवादळानंतर अशा काही गाड्यांना मागाहून आगी लागल्या. अशी गाडी बाहेर काढल्यावर घराशेजारी वा अन्य वाहनांलगत उभी करू नये.

कायदा, मोबदला आणि गाव

अपघातग्रस्तांस मदत करणाऱ्याला आपल्या कायद्याने संरक्षण दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. तथापि हे संरक्षण अपघातातील जखमींच्या साहाय्यासाठी आहे. ओढताना गाडीचा बंपर निघाला, तर होणारा वाद त्यात बसेलच असे नाही. म्हणून दोर बांधण्यापूर्वी मालकास धोका समजावून सांगावा व चार जणांदेखत त्याची संमती घ्यावी. माणसांच्या जिवास धोका असल्यास ११२ ह्या क्रमांकावर विनाविलंब दूरध्वनी करावा.

मोबदल्याचा प्रश्नही टाळता येण्याजोगा नाही. ट्रॅक्टरचे डिझेल व दिवसाची मजुरी घेणे ह्यात गैर काही नाही. परंतु भरती चढत असताना सौदा वाढवीत नेणे ही अडल्याची अडवणूक होय आणि ती गावाच्या नावाला काळिमा लावते. ग्रामपंचायतीने वा स्थानिक संस्थेने वाजवी दर ठरवून फलकावर लावले, तर दोन्ही बाजूंची कुचंबणा टळेल.

खरा उपाय अर्थातच वाहन पुळणीवर न नेणे हा आहे. गोव्यात पर्यटनस्थळांच्या संरक्षणासाठी २००१ मध्ये झालेल्या कायद्याच्या आधारे समुद्रकिनाऱ्यावर वाहन नेण्यास मनाई करण्यात आली आहे. कोकणच्या काही किनाऱ्यांवर कासवे अंडी घालतात, मुले खेळतात, मच्छीमार भगिनी मासळी सुकवितात. त्या जागा मोटारींच्या नव्हेत. किनाऱ्याच्या तोंडाशी चार दगडी खांब उभारले, तर पुष्कळसे अनर्थ टळतील.

खांब उभे राहीपर्यंत गाड्या रुतत राहतील आणि आपली माणसे धावत राहतील. त्यांनी धावू नये असे आम्ही म्हणणार नाही. संकटातील अनोळखी माणसासाठी धावून जाणे ही ह्या किनाऱ्याची जुनी रीत आहे. आमचे म्हणणे इतकेच, की प्रत्येक किनारी गावातील युवक मंडळाने दोन फावडी, चार जाड फळ्या, टायरची हवा मोजण्याचे यंत्र, एक भक्कम दोर आणि भरतीचे कोष्टक ठरलेल्या जागी ठेवावे. पावसाळ्यानंतर एखाद्या रविवारी ट्रॅक्टरचालकांना सोबत घेऊन तासभर सराव करावा. येणारा पर्यटन हंगाम सुरू होण्यापूर्वी एवढे झाले, तर मदतीला गेलेला प्रत्येक जण संध्याकाळी सुखरूप घरी परतेल.