गव्हाचे आकडे ओंबीत ठरतात: फुलोरा, दाणाभरणी आणि वाढते तापमान

गव्हाच्या बातम्या बहुधा दिल्लीतून येतात. हमीभाव, सरकारी खरेदी, साठामर्यादा, निर्यातबंदी यांची चर्चा होते. मात्र या निर्णयांमागचे एक मोठे कारण शेतातल्या ओंबीत असते. फुलोरा ते दाणा पक्व होणे या दीड महिन्याच्या काळात हवामान कसे राहिले, यावर उत्पादनाचा बराचसा हिशेब ठरतो.

२०२२ मध्ये काय घडले?

फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने गव्हाचे उत्पादन सुमारे १,११३ लाख टन होईल असा अंदाज दिला होता. मे महिन्यात तो १,०६४ लाख टनांवर आणावा लागला. मधल्या मार्चमध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान ३३.१ अंश सेल्सिअस राहिले. १९०१ पासूनच्या नोंदींतला तो सर्वांत उष्ण मार्च ठरला. १३ मे रोजी निर्यातीवर बंदी आली. सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या ४३३ लाख टनांवरून सुमारे १८८ लाख टनांवर घसरली. युक्रेन युद्धामुळे खुल्या बाजारात दर हमीभावाच्या वर गेले, हेही खरेदी घटण्याचे मोठे कारण होते.

त्याच महिन्यातील आणखी एक निर्णय समजून घेण्यासारखा आहे. पंजाब व हरियाणात आकसलेल्या आणि तुटलेल्या दाण्यांची मर्यादा ६ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आली. पेरणी नोव्हेंबरातच झाली होती, ओंब्याही निघाल्या होत्या. तरीही उत्पादन घटले, कारण दाण्याचे वजन भरले नाही.

ओंबीत दाणा कसा तयार होतो?

ओंबीची घडण ती दिसण्याच्या बरीच आधी सुरू होते. फुटवे फुटत असतानाच खोडाच्या टोकाशी सूक्ष्म ओंबी तयार होऊ लागते. कांडी धरण्याच्या सुमारास ओंबीत किती कणिशके असतील हे ठरून जाते. या काळात पाणी किंवा नत्र कमी पडल्यास ओंबी आखूड राहते. नंतर कितीही खत दिले तरी कणिशकांची संख्या वाढत नाही.

प्रत्येक कणिशकात अनेक फुले तयार होतात, पण दाणे साधारण दोन ते चारच धरतात. वरची फुले गळणे नैसर्गिक आहे. पीक पोटरीत असताना परागकण तयार होतात. हा टप्पा अतिशय नाजूक आहे. या वेळी पाण्याचा ताण पडला किंवा तापमान ३० अंशांच्या वर राहिले, तर परागकण वांझ होण्याचा धोका वाढतो. ओंबी बाहेर आल्यावर ती निरोगी दिसते, पण दाणे कमी धरतात.

गव्हात प्रामुख्याने स्वपरागीभवन होते. फुलात तीन परागकोष असतात आणि बहुतेक पराग त्याच फुलातील स्त्रीकेसरावर पडतात. बाहेर लोंबणारे पिवळसर परागकोष दिसतात तोवर परागीभवन बहुधा उरकलेले असते. फुलोरा ओंबीच्या मध्यभागी सुरू होऊन वर आणि खाली सरकतो. एका ओंबीचा फुलोरा तीन ते पाच दिवसांत संपतो.

फलधारणेनंतरच्या साधारण दोन आठवड्यांत दाण्यातील पेशींची संख्या वाढते, म्हणजे दाण्याचा साचा ठरतो. त्यानंतर साच्यात पिष्ट भरते. सर्वांत वरचे पान आणि ओंबी स्वतः यांचा यात मोठा वाटा असतो. या काळात सरासरी तापमान एका अंशाने वाढले, तर भरणीचा काळ साधारण तीन दिवसांनी आटतो. पीक लवकर पिवळे पडते आणि दाणा चिंबतो.

महाराष्ट्रातील वेळापत्रक वेगळे

पंजाब-हरियाणात मार्च हा दाणे भरण्याचा महिना असतो. आपल्याकडे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेला गहू जानेवारीत फुलोऱ्यावर येतो आणि फेब्रुवारीत दाणे भरतो. म्हणून आपल्यासाठी फेब्रुवारीचे तापमान जास्त महत्त्वाचे. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान २९.५ अंश होते, १९०१ नंतरच्या कोणत्याही फेब्रुवारीपेक्षा जास्त. त्या वेळी केंद्राने गव्हाच्या स्थितीवर लक्ष ठेवण्यासाठी समिती नेमली आणि जूनमध्ये व्यापाऱ्यांवर साठामर्यादा लावली.

मात्र उष्ण फेब्रुवारी म्हणजे हमखास तूट, असेही नाही. फेब्रुवारी २०२५ चे सरासरी तापमान विक्रमी होते, तरीही २०२४-२५ मध्ये देशाचे उत्पादन १,१७५ लाख टनांवर गेले. त्या हंगामात पेरणीक्षेत्र वाढले होते आणि उत्तरेत उष्णता सहन करणाऱ्या वाणांचा प्रसारही वाढला आहे. महिन्याच्या सरासरीपेक्षा उष्णतेच्या दिवसांत पीक नेमक्या कोणत्या अवस्थेत होते, हे अधिक मोलाचे.

आपल्याकडे सोयाबीनची काढणी लांबते, परतीचा पाऊस रेंगाळतो, उसाचा खोडवा उशिरा निघतो. पेरणी डिसेंबरात गेली की फुलोरा फेब्रुवारीच्या मध्यावर आणि दाणाभरणी मार्चच्या उन्हात येते. म्हणूनच १५ नोव्हेंबरनंतर पेरणीस होणाऱ्या प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल घट धरली जाते.

शेतकऱ्याच्या हातात काय आहे?

- पेरणी: बागायती वेळेवर पेरणी १५ नोव्हेंबरपर्यंत उरकावी. उशिरा पेरणी १५ डिसेंबरच्या पुढे नेऊ नये. त्यानंतर हरभरा, भाजीपाला किंवा चारापिकाचा हिशेब मांडून पाहावा.
- वाण: वेळेवर पेरणीसाठी त्र्यंबक, तपोवन, गोदावरी. फुले समाधान वेळेवर व उशिरा दोन्हींसाठी चालते. उशिरासाठी एनआयएडब्ल्यू ३४, तर मर्यादित पाण्यासाठी नेत्रावती.
- पाणी: एकच पाळी शक्य असल्यास पेरणीनंतर ४० ते ४२ दिवसांनी द्यावी. दोन असल्यास २० ते २२ आणि ६० ते ६५ दिवसांनी. तीन असल्यास २० ते २२, ४० ते ४२ आणि ६० ते ६५ दिवसांनी. जास्त पाणी असेल तर दाण्यात चीक भरताना ८० ते ८५ दिवसांनी हलकी पाळी द्यावी. जोराचा वारा असताना पाणी देऊ नये, पीक लोळते.
- फवारणी: ५५ आणि ७० दिवसांनी १९:१९:१९ या विद्राव्य खताची २ टक्के (१० लिटर पाण्यात २०० ग्रॅम) फवारणी करावी. फवारणी वेळेवरच्या पेरणीची जागा घेऊ शकत नाही.

काढणीपूर्वी ओंबी वाचा

उतारा कमी आला की बियाणे किंवा खताला दोष दिला जातो आणि पुढच्या वर्षी भलताच खर्च होतो. त्याआधी शेताच्या वेगवेगळ्या भागांतून १० ते १५ ओंब्या चोळून पाहाव्यात.

ओंबी आखूड आणि कणिशके कमी असतील, तर पहिल्या ४० ते ४५ दिवसांतील पाणी, नत्र किंवा उशिरा पेरणी तपासावी. ओंबी लांब पण मधल्या कणिशकांत दाणे रिकामे असतील, तर पोटरी ते फुलोरा या काळात ताण पडला असावा. अगदी तळाची एक-दोन कणिशके वांझ असली तरी काळजी नको. दाण्यांची संख्या चांगली, पण दाणे चिंबलेले असतील, तर भरणीच्या काळातील उष्णता, शेवटच्या पाण्याची कमतरता किंवा तांबेऱ्याने वाळलेले वरचे पान ही कारणे शोधावीत.

कृषी सहायकांनी ही पाहणी गावातील वेळेवर आणि उशिरा पेरलेल्या प्लॉटमध्ये करून पेरणीच्या तारखेसह नोंदवावी. पुढच्या ऑक्टोबरातील बैठकीत शेजारच्याच शिवारातील या नोंदी कोणत्याही पत्रकापेक्षा जास्त पटतील. विक्रीच्या निर्णयातही त्यांचा उपयोग आहे. २०२६-२७ च्या खरेदी हंगामासाठी हमीभाव क्विंटलला २,५८५ रुपये जाहीर झाला आहे. चिंबलेल्या मालाला बाजारात त्याच्या जवळपास दर मिळणे कठीण. दाण्याचे वजन आधीच कळले, तर चाळणी करून प्रतवारी करायची की घरच्या वापरासाठी वेगळा ठेवायचा, हे खळ्यावरच ठरवता येते.