विजेची गाडी आणि नरखेडचा बाजार

विजेवर चालणाऱ्या दुचाक्या व मालवाहू तीनचाक्या आतां आमच्या नरखेड तालुक्यांतही दिसूं लागल्या आहेत. रात्रीं घरच्या विजेवर त्या चार्ज होतात, त्याविषयीं कोणाची तक्रार नाहीं. अडचण येते ती गांवाबाहेर पडल्यावर.

सार्वजनिक चार्जिंग केंद्रांचें सरकारी धोरण मोठीं शहरें व महामार्ग यांकडे पाहून आंखलेलें आहे. २०१८ सालच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत महामार्गावर दर २५ किलोमीटरांस एक केंद्र असावें, असें म्हटलें होतें. नरखेड ना मोठें शहर, ना नागपूर–भोपाळ महामार्गावरील ठाणें. तेव्हां बाहेरून कोणी येऊन आमच्या बाजारांत केंद्र उघडील, अशी वाट पाहणें व्यर्थ होय. सुदैवानें त्याच वर्षीं केंद्र सरकारनें खुलासा केला कीं, वाहन चार्ज करून देणें ही सेवा होय, वीजविक्री नव्हे. सबब त्यास वीज कायद्याखालील परवाना लागत नाहीं. म्हणजे शेतकऱ्यांच्या संस्थेसही हें काम करण्यास वाट मोकळी आहे.

परंतु यंत्र कोणतें घ्यावें? येथें आमचा कांहीं मंडळींशीं मतभेद आहे. तासाभरांत मोटार चार्ज करणारें जलद यंत्र बसवावें, असा त्यांचा आग्रह. त्यास लाखांनीं पैसा व मोठा वीजभार लागतो; दिवसाकाठीं दोनचार मोटारी आल्या, तर भांडवलाचें व्याजही सुटावयाचें नाहीं. आमच्या बाजाराची गरज निराळी आहे. मालवाहू तीनचाकीच्या बॅटरींत सुमारें १० युनिट वीज मावते. ३ किलोवॅटच्या साध्या जोडणीवर ती तीनचार तासांत भरते. आंबिया बहाराच्या दिवसांत संत्रीं उतरून, लिलाव होऊन, हिशेब हातीं पडेपर्यंत इतका वेळ जातोच. पूर्वीं बाजारांत बंडी सोडली कीं बैलांपुढें कडबा टाकीत असत. गाडी जेथें थांबते तेथेंच तिला वैरण मिळावी, एवढेंच आमचें म्हणणें.

नागपुरांत मे २०१७ मध्यें विजेच्या टॅक्सींचा प्रयोग सुरू झाला, तेव्हां केंद्रें थोडीं पडल्यामुळें चालकांचे तास रांगेंत गेले. एका महाग यंत्रापुढें दहा गाड्या उभ्या करण्यापेक्षां सहाआठ साध्या जागा केव्हांही बऱ्या. हलक्या वाहनांच्या अशा स्वस्त चार्जिंगचें भारतीय मानकही २०२१ सालीं निघालें आहे. वर छप्पर मात्र हवें. वैशाखांतलें वैदर्भीय ऊन बॅटरीस मानवत नाहीं. मीटरही स्वतंत्र असावा. पंपाच्या जोडणीवरून वायर ओढून गाडी चार्ज करण्याचा मोह कित्येकांस होतो, हें आम्ही जाणतों. पण ती वीज सवलतीची आहे, आणि तिचा पुरवठाही ठराविक तासांचाच.

कळमन्याच्या फेरीचा प्रश्न यानें सुटत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. जाऊनयेऊन दीडशें किलोमीटरांवरची ती मजल हलक्या तीनचाकीच्या आवाक्याबाहेरची. त्या मालास तूर्त डिझेलच बरें. परंतु जलालखेडा, सावरगांव, मोवाड येथून नरखेडास येणाऱ्या गाड्यांची सोय तरी आपल्या हातची आहे.

हा विषय संस्थेच्या येत्या वार्षिक सभेपुढें यावा आणि जोडणीचा अर्ज आंबिया बहाराची तोड सुरू होण्यापूर्वीं महावितरणकडे जावा. बाजारआवारांत जागा न मिळाल्यास गोदामामागील मोकळी जागा आहेच. तेथें सध्यां फुटकीं कॅरेटें पडलेलीं असतात.