लक्ष्मीचे दार आणि आमचा मोत्या

मी काही जन्माचा श्वानप्रेमी नव्हे. धर्मराजाच्या मागोमाग महाप्रस्थानाला निघालेल्या कुत्र्याची तेवढी माझी ओळख, आणि तीही वर्गात शिकवण्यापुरती. पण चार वर्षांपूर्वी आषाढातल्या एका संध्याकाळी आमचे चिरंजीव पोटाशी एक ओले, कुडकुडणारे पिल्लू धरून घरी आले. "बाबा, फक्त आजची रात्र!" असे म्हणाले. ती रात्र अजून संपलेली नाही. पिल्लाचे नाव मोत्या ठेवले. नावांच्या बाबतीत आमच्या घरात कल्पकतेची उधळपट्टी होत नाही.

शरद ऋतूचे आपल्या कवींनी भारी कौतुक केले आहे. पण कवींनी कुत्रा पाळला असता तर हात जरा आखडता घेतला असता, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. पहिली गोष्ट, ऑक्टोबरचे ऊन. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा पंखा. एकदा सुट्टीच्या दिवशी मी मोत्याला भर दुपारी फिरायला नेले. तो एकेक पाय उचलून चालू लागला. मला वाटले, नखरे करतो आहे. घरी आल्यावर सौभाग्यवती म्हणाली, "अहो, तुमच्या पायांत वहाणा आहेत!" तेव्हापासून नियम असा की, हाताची पालथी बाजू डांबरी रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून पाहायची. चटका सोसवत नसेल तर फिरणे बंद. आता आम्ही दोघे सकाळी लवकर आणि उन्हे उतरल्यावरच बाहेर पडतो.

दुसरी गोष्ट गोचिडांची. पावसाळा सरताना ओलाव्याने आणि उबेने त्यांचे फावते. शेजारच्या काकांनी रॉकेल चोळण्याचा सल्ला दिला. जनावरांच्या डॉक्टरांनी तो ऐकून कपाळाला हात लावला. रॉकेलने कातडी भाजते, आणि कुत्रा अंग चाटतो तेव्हा तेच पोटात जाते. त्यांनी शिकवले ते साधे आहे. रोज कानांच्या मागे, मानेखाली, बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून पाहावे. गोचीड दिसला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा, आणि वजनाप्रमाणे दिलेले औषध वेळेवर द्यावे. कुत्रा खाईनासा झाला, ताप भरला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त आले, तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. साचलेल्या डबक्यातले पाणीही त्याला पिऊ देऊ नये. त्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असले तर लेप्टोचा धोका असतो, आणि तो रोग माणसालाही होतो. म्हणून त्याची लस दरवर्षी टोचून घ्यायची.

एवढे सगळे शिकलो आणि दिवाळीत मात्र नापास झालो. तेच सांगण्यासाठी आज लेखणी उचलली आहे.

गेल्या वर्षीची लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. पहिल्याच फटाक्याला मोत्या पलंगाखाली शिरला आणि थरथरू लागला. मी त्याचा पट्टा धरून त्याला बाहेर ओढले. "एवढा घोडा झालास, भितोस काय!" असे म्हणून पूजेपाशी आणून बसवले. घर कसे भरलेले दिसावे, ही माझी हौस! लक्ष्मीसाठी दार सताड उघडे होते. इतक्यात जिन्यात कोणी बॉम्ब लावला. लक्ष्मी आत आली की नाही ते मला सांगता येणार नाही. मोत्या बाहेर गेला.

रात्री दोन वाजेपर्यंत आम्ही हाका मारीत गल्लीबोळ पालथे घातले. चिरंजीव माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पहाटे एका अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या जिन्याखाली तो सापडला. पंजा रक्ताळलेला होता. मला पाहून तो सरपटत आला आणि माझेच पाय चाटू लागला. रागावला असता तर बरे वाटले असते.

डॉक्टरांनी नंतर समजावले. माणसाचा कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो, कुत्र्याचा सुमारे ४५,००० पर्यंतचा. शिवाय आज दिवाळी आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. तो लपला तर लपू द्यावे. जवळ आला तर थोपटावे. थोपटल्याने भित्रेपणा वाढतो, ही समजूत खोटी आहे.

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीच्या फटाक्यांना रात्री आठ ते दहा ही वेळ आखून दिली. आमच्या गल्लीतल्या घड्याळांत हे दहा फार उशिरा वाजतात. म्हणून यंदाची तयारी आम्हीच केली आहे. आतल्या खोलीत पलंगाखाली त्याचे अंथरूण, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा आणि रेडिओ चालू. फिरणे आणि जेवण दिवेलागणीपूर्वी उरकायचे. पट्ट्यावर आमचा फोन नंबर आहे. भीती फार असेल तर देण्याचे औषध डॉक्टरांकडून आठवडाभर आधी आणून ठेवले आहे. माणसांच्या झोपेच्या गोळ्या त्याला चुकूनही द्यायच्या नाहीत. फराळाचे डबे वरच्या फळीवर गेले आहेत. बेसनाच्या लाडवावरचा बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतो, चॉकलेटही विषारी, आणि काही बिनसाखरेच्या मिठायांत असणारे झायलिटॉल तर फारच वाईट.

आपली दिवाळी वसुबारसेला गाय-वासराच्या पूजेने सुरू होते. नेपाळात तर या सणातला एक दिवस कुत्र्यांना हार घालून, टिळा लावून साजरा करतात. आम्ही मोत्याला हार घालणार नाही, तो खाऊन टाकील. पण यंदा लक्ष्मीपूजनाला दार उघडण्यापूर्वी आतल्या खोलीची कडी लावायची, असे ठरले आहे. चिरंजीव मोत्याजवळ बसतील आणि मी उंबऱ्यावर. आरती मला तिथूनही ऐकू येईल.