पाय थांबले तरी

बॅले नर्तकांना बहुधा चाळिशीच्या आसपास रंगमंच सोडावा लागतो. पुढे त्यांतील अनेक जण शिक्षक होतात. आपल्याकडे रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये पुण्यात ‘नृत्यभारती’ स्थापन केली आणि उतारवयापर्यंत शिष्या घडवल्या. कथकच्या गुरूला बसल्या जागी, हाताने ताल धरून, बोलांची पढंत करीतही शिकवता येते.

वाचकहो, गुडघे दुखू लागले म्हणून अंगची विद्या सरत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी घरातच बसावे लागते. तेव्हा नातवंडांना शेजारी घेऊन सरगुंडे करणे असो वा तबल्याचा ठेका, जे आपल्याला येते ते शिकवावे. शुश्रूषा करणाऱ्यांनीही ‘आता स्वस्थ बसा’ असे म्हणण्याऐवजी ‘मला हे शिकवा’ असे म्हणून पाहावे.