कप जुना, कोन नवा

"बेअरिंग बदललं" हे वाक्य ऐकायला सरळ वाटतं, पण गॅरेजमध्ये ते तितकं सरळ नसतं. ट्रकच्या चाकाचं बेअरिंग म्हणजे एक वस्तू नव्हे, दोन. एक कोन, म्हणजे आतली रिंग, तिच्यावरचे निमुळते रोलर आणि त्यांना धरून ठेवणारा पिंजरा. दुसरा कप, म्हणजे बाहेरची रेस, जी हबमध्ये घट्ट ठोकून बसवलेली असते. हब उतरवला की कोन बऱ्याचदा हातात येतो. कप येत नाही. सगळी गोम इथेच आहे.

कराडला मामांचे दोन ट्रक आहेत. त्यातल्या एकाच्या मागच्या चाकातून घरघर यायला लागली, आणि मी नेमका शनिवार-रविवार तिथे. (मेकॅनिकलची डिग्री घेऊन आयटीत कोड बडवणाऱ्याला गॅरेज म्हणजे माहेर!) ॲक्सल शाफ्ट ओढला, नट सोडले, हब खाली घेतला. कोन जेमतेम चार महिन्यांचा. कप मात्र... रोलर फिरतात त्या पट्ट्यावर पोपडे सुटलेले, एका बाजूला उष्णतेने निळसर झालेला. दोघांवर दोन वेगळ्या कंपन्यांची नावं. आधीच्या गॅरेजचं बिल मामांनी जपून ठेवलं होतं. त्यावर लिहिलेलं : 'बेअरिंग बदली'.

माझं स्पष्ट मत आहे की हे अर्धं काम, काम न करण्यापेक्षा वाईट. घरघर करणारं जुनं बेअरिंग निदान ओरडून सांगतं तरी. बिल झालं की ते चाक पुढचं वर्षभर कोणी उघडत नाही. आत नवे रोलर जुन्या खड्ड्यांवरून फिरत राहतात, खड्ड्यांच्या कडा त्यांना ओरबाडतात, पोलादाचा भुगा ग्रीसमध्ये मिसळतो आणि तेच ग्रीस पुन्हा रोलरखाली जातं. मागच्या ॲक्सलवर तर मालाचा सगळा भार हबच्या बेअरिंगवरच येतो, शाफ्टचं काम फक्त चाक फिरवणं. भरलेला ट्रक खंबाटकीच्या उतारावर असताना हे बेअरिंग जाम झालं तर काय, ते मी लिहीत बसत नाही.

कॉलेजात मशीन डिझाईनमध्ये एक सूत्र होतं, आठवतंय? रोलर बेअरिंगचं आयुष्य भाराच्या 10/3 घाताच्या व्यस्त प्रमाणात. म्हणजे भार सव्वापट केला की आयुष्य जवळजवळ निम्म्यावर, दुप्पट केला की दहाव्या हिश्श्यावर. (ओव्हरलोड भरणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) आणि हे सगळं रेस गुळगुळीत आहे असं धरून! पोपडे सुटलेल्या रेसवर त्या हिशोबाला अर्थच उरत नाही.

आता मिस्त्री असं का करतात? आळस? मला नाही वाटत. आमचे मिस्त्री मामांना तोंडावर म्हणाले, "शेठ, बॉक्सवरची किंमत तुम्ही गुमान देता. कप काढायची मजुरी सांगितली की घासाघीस करता." मामा गप्प. खरंच आहे ना! सामानाची किंमत छापलेली असते, हाताची नसते. आणि कप काढणं हे निव्वळ हाताचं काम. आपण तरी काय वेगळं करतो? एस्टिमेट कापायची वेळ आली की सगळ्यात आधी टेस्टिंगचे तास जातात. असो.

तर ते हाताचं काम. हबमध्ये कपाच्या मागे बहुधा खाचा असतात, तिथे रॉड टेकवून हातोडा मारायचा. एकदा या बाजूला, एकदा समोरच्या. एकाच बाजूने ठोकलं की कप तिरका होऊन अडकतो आणि हबचं भोक ओरबाडतो. रॉड पितळी किंवा नरम लोखंडाचा हवा, कारण रेसचं पोलाद इतकं कडक असतं की थेट हातोडा मारला तर कपची उडून डोळ्यात जायची. फारच हट्टी कप असेल तर आतल्या बाजूने वेल्डिंगचा एक फेरा मारतात. थंड होताना वेल्ड आकसतं, कपालाही आकसवतं, आणि इतका वेळ न हललेला कप अलगद खाली पडतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी टाळ्या वाजवायचाच बाकी होतो! गॅस कटरने कापणं मात्र नको. ज्योत कप आणि हब यात फरक करत नाही.

नवा कप मामींच्या फ्रीजरमध्ये मटारांशेजारी रात्रभर होता. 100 मिमी व्यासाचं पोलाद 50 अंशांनी थंड झालं की साधारण 0.06 मिमी आकसतं. ऐकायला काहीच नाही, पण बसवताना तेवढंच लागतं. हबचं भोक आधी पुसून बघायचं. ते आरशासारखं चकचकीत असेल तर कप आत फिरत होता असं समजा. मग हबच बदलायचा. पंचाने टोचे मारून कप 'टाईट' करणं ही शुद्ध फसवणूक. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, खणखणीतचा भरीव होतो. मिस्त्रींना तो आवाज पुरेसा होता, मी तरी फीलर गेज घालून बघितलंच. नट आवळायचा तो हब फिरवत, मग थोडा मागे घेऊन, डायल गेजवर 0.025 ते 0.125 मिमी ढिलाई ठेवून.

"कप चांगला दिसत असेल तरी बदलायचा?" मामांचा रास्त प्रश्न. नुसतं ग्रीसिंगसाठी उघडलं असेल, आणि कप-कोन दोन्ही धड असतील, तर ज्याचा कोन त्याच्याच कपात परत घाला, काही बिघडत नाही. पण कोन बाद झाला तर कपही बाद. दोघं तितकेच किलोमीटर एकमेकांवर घासलेले आहेत.

एका ॲक्सलला दोन हब, प्रत्येक हबमध्ये आतला आणि बाहेरचा असे दोन कप. म्हणजे चार जुने कप परत मिळायला हवेत. मामांनी परवा दुसऱ्या ट्रकचं काम काढलं, तेव्हा मजुरी न घासता मान्य केली आणि चारही कप मोजून पिशवीत घेतले. त्यातले दोन निळे निघाले.