ग्राइंडर खाली ठेवा

जुन्या मोटरसायकली गंजाने मेल्या त्यापेक्षा जास्त हल्ली ग्राइंडरने मरतायत. गंजाला वीस वर्षं लागतात. ग्राइंडरला एक दुपार पुरते, आणि वर त्याची रील निघते.

तुम्हीही पाहिली असेल. स्वस्तात राजदूतची कॅफे रेसर! आधी मागचा मडगार्ड जातो, मग चेसिसची शेपटी कापतात, सायलेन्सर अर्धा होतो, सगळ्यावर मॅट काळा स्प्रे बसतो. शेवटी गाडी भिंतीला टेकवून फोटो. ती पुढे शंभर किलोमीटर तरी गेली का, हे कमेंटमध्ये कुणी विचारत नाही.

मी वाशीचा. नवी मुंबईतल्या नव्हे, धाराशिव जिल्ह्यातल्या. पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो आणि सुट्ट्यांत गावी येऊन घरची राजदूत १७५ उभी करतोय. बजेट २५ हजार. एवढ्याच पैशात काम करणाऱ्याने तर कापाकापीपासून चार हात लांब राहावं, असं माझं म्हणणं आहे. ज्याच्याकडे पैसा आहे तो कापलेली चेसिस उद्या दुसरी आणेल. आपण कुठून आणणार?

राजदूत मुळात पोलंडच्या 'एसएचएल एम११'वरून आलेली. एस्कॉर्ट्सने ती १९६०च्या दशकात आपल्याकडे बनवायला घेतली. १७३ सीसी, एक सिलिंडर, टू-स्ट्रोक. १९७३च्या 'बॉबी'त ऋषी कपूरकडे तिचीच छोटी बहीण होती. पण गावाकडे राजदूत कधी हिरोची नव्हती. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मागे पेंडीचं पोतं, अशी ती चालली. मिस्त्री झाडाखाली बसून इंजिन खोलायचा, इतकी ती साधी होती. आज कमी पैशात ती पुन्हा उभी राहू शकते ती याच साधेपणामुळे. आणि आपण नेमका तोच कापून टाकतो.

सायलेन्सरचंच घ्या. टू-स्ट्रोकमध्ये जळालेला धूर बाहेर जायची आणि ताजं मिश्रण आत यायची वाट काही क्षण एकदमच उघडी असते. इंजिनाला जुळवलेल्या सायलेन्सरमधून परत येणारा दाब त्या ताज्या मिश्रणाला आत धरायला मदत करतो. सायलेन्सर कापला की आवाज वाढतो, पेट्रोल धुराबरोबर निघून जातं आणि चढावर गाडी दम टाकते. चेसिसचं त्याहून वाईट. वाशीहून तेरखेड्याला डबलसीट निघालात, की खड्ड्यातला प्रत्येक दणका त्या वेल्डिंगच्या टाक्यावर बसतो.

कायदाही तुमच्या बाजूने नाही. मोटार वाहन कायदा, १९८८चं कलम ५२ सांगतं, की आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ रचनेशी जुळणार नाही असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. आरसीची १५ वर्षं संपली की पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि तिथे गाडी दाखवावी लागते. अर्धी गाडी कशी दाखवणार?

दुसऱ्या टोकाला आहेत शुद्धतावाले. त्यांना प्रत्येक नट मूळचाच हवा. जुलै २०२१चे केंद्राचे व्हिंटेज नियमही त्यांच्याच सोयीचे: गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपातली हवी, नव्या नोंदणीचे २० हजार, आणि रोजच्या वापराला मनाई. म्हणजे माझ्या बजेटमधले पाच हजार उरतील आणि गाडी घरात उभी राहील. ज्याला गाडी घेऊन शेतात जायचंय, त्याचा विचार ना रीलवाले करतात, ना हे.

माझा नियम सोपा आहे. जे नट-बोल्टाने बसेल आणि नट-बोल्टाने निघेल, तेवढंच बदलायचं. हँडल बदला, सीट नव्याने शिवून घ्या, आरसे लावा, कॅरिअर लावा. रंग बदला, पण आरसीवरही बदलून घ्या. मूळ पार्ट पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा. चालू सिस्टिममध्ये काम करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको: एका वेळी एकच बदल, आणि मागे फिरता येईल असाच.

पैशाचाही क्रम ठरवा. माझ्या २५ हजारांतले ९ इंजिनाला: रिबोअर, पिस्टन-रिंग, बेअरिंग, ऑइल सील. ८ हजार टायर, ब्रेक लायनर, केबल, चेनसेटला. ४ हजार वायरिंग, पॉइंट-कंडेन्सर आणि कार्बोरेटरला. उरलेले ४ सीट आणि रंगाला. ऑइल सील कुणाच्या फोटोत येत नाही. पण ते गेलं की इंजिन बाहेरची हवा ओढतं, पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापून जॅम होतो. मग त्या चकाकत्या टाकीचं काय करायचं?

मिस्त्रींनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "इंजिनिअरसाहेब, गाडी पळवायची हाय का नुसती मिरवायची?" पॉइंटचा गॅप नुसत्या नजरेने ओळखणारी ही माणसं आता म्हातारी होतायत, आणि त्यांच्या हाताखाली शिकायला पोरं नाहीत. तुमच्या गोठ्यात एखादी राजदूत, येझदी उभी असेल, तर ग्राइंडरवाल्याला फोन करण्याआधी अशा एका मिस्त्रीला घरी बोलवा. त्यांना चहा द्या, पाना तुमच्या हातात घ्या आणि ते सांगतील तसं खोलायला लागा.